अपघातानंतरचे पहिले पंधरा दिवस

१ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी प्रवासी बस उलटली, पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस नागपूरहून पुण्याकडे निघाली होती. तिची नोंदणी मात्र यवतमाळची, एमएच २९ ची होती. त्याच दिवशी मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. एवढ्या मोठ्या दुर्घटनेत सरकारने धावून जावे हे योग्यच आहे. पण अशा घोषणा ऐकून लोकांच्या मनात एक समज घट्ट बसतो, की अपघाताची भरपाई म्हणजे सरकारने दिलेली मदत आणि ती वर्तमानपत्रात मथळा होणाऱ्या अपघातांनाच मिळते. सानुग्रह मदत आणि कायदेशीर भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घाटंजी रस्त्यावर रात्री मागून ठोकर बसून एखादा मजूर गेला आणि त्याची कुठे बातमीही आली नाही, तरी त्याच्या बायकामुलांचा भरपाईवरचा हक्क त्या बसमधील प्रवाशांच्या वारसांइतकाच पक्का आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा हक्क न्यायालयात हरण्याच्या कितीतरी आधी हातचा जातो. तो पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि घराच्या ओसरीवर जातो, तेही बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत. ते दिवस नीट सांभाळले तर पुढची लढाई अर्धी जिंकल्यासारखी आहे, हे या लेखात दाखवायचे आहे.

आधी या हक्काचा पाया पाहू. रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. त्या वाहनामुळे तिऱ्हाईताला इजा झाली किंवा त्याचा जीव गेला, तर होणारे नुकसान विमा कंपनीने भरून द्यावे, यासाठीच तो विमा असतो. अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट चालावी लागू नये म्हणून जुन्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती झाली आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय आली. आजचा कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १६६ खाली जखमी व्यक्तीला, तिचा मृत्यू झाला असेल तर वारसांना, दावा दाखल करता येतो. दावा वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध असतो. वैध विमा असेल तर पैसे कंपनी भरते. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा आणि हा दावा वेगळा. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात मात्र शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी तेवढ्यावरून भरपाईचा दावा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट १९८० पासून स्पष्ट सांगितली आहे. ‘केस सुटली, आता काय मिळणार’ म्हणून घरी बसणारी कुटुंबे हा फरक माहीत नसल्यामुळे फसतात.

आता पहिल्या पंधरा दिवसांकडे येऊ. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोठा बदल झाला आहे. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. १० दिवसांत पीडित कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा छापील नमुना द्यायचा असतो. आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, इतके त्याचे महत्त्व आहे. त्यानंतर ३० दिवसांत विमा कंपनीने आपला निर्णय कळवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करा, असे देशभरच्या पोलिसांना आणि न्यायाधिकरणांना बजावले. म्हणजे कायद्याच्या नजरेत कुटुंबाने वणवण करायची नाही, यंत्रणेनेच कुटुंबाच्या दारी यायचे आहे. पण दुःखात बुडालेल्या घराला हे सांगणार कोण? आपल्याकडे तेरवी आटोपेपर्यंत कागदाचे नाव कोणी काढत नाही. तोवर घटनास्थळावरच्या ब्रेकच्या खुणा पुसल्या जातात, वाहन सुटून जाते, साक्षीदार आपापल्या कामाला लागतात. तपास अधिकारीही बंदोबस्त आणि इतर गुन्ह्यांत अडकलेला असतो. म्हणून घरातल्या एखाद्या जवळच्या, शांत डोक्याच्या माणसाने, मग तो मामा असो की चुलतभाऊ, याच दिवसांत ठाण्यात जाऊन चार गोष्टी तपासाव्यात. प्रथम खबरीत वाहनाचा क्रमांक बरोबर लिहिला आहे का? घटनास्थळ पंचनाम्यात वाहने कोणत्या बाजूला पडली होती, रस्त्याची रुंदी किती, हे आले आहे का? पहिला अपघात अहवाल गेला का? वाहनाची विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि नोंदणी पुस्तक यांच्या प्रती तपासात जोडल्या आहेत का? महाराष्ट्रात पोलीस अपघाताची माहिती ज्या ‘एए’ फॉर्ममध्ये भरून देतात, त्याची प्रत मागून घ्यावी. प्रथम खबरीची प्रत खबर देणाऱ्याला फुकट मिळते.

दवाखान्यातला कागदही तितकाच मोलाचा. अपघातातल्या जखमीला आधी ओळखीच्या डॉक्टरकडे नेले, तिथे मलमपट्टी झाली, दोन दिवसांनी प्रकृती बिघडल्यावर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला हलवले, असे नेहमी घडते. पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसते ‘पडल्यामुळे जखम’ असे लिहिले गेले, तर पुढे कंपनीचा वकील तेच वाक्य न्यायाधिकरणापुढे वाचून दाखवतो. म्हणून पहिल्याच नोंदीत ‘रस्ता अपघात’ असे यावे आणि मेडिको-लीगल नोंद व्हावी, याचा आग्रह धरावा. उपचारासाठी हातात पैसा नाही म्हणून थांबण्याचीही आता गरज नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोकड न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाही भिण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४ अ ने संरक्षण दिले आहे. खर्चाची प्रत्येक पावती, औषधाची चिठ्ठी, रुग्णवाहिकेचे बिल एका पिशवीत जपून ठेवावे. त्या पिशवीतला कागद म्हणजे पुढे मिळणारा पैसा आहे.

ठोकर मारून वाहन पळून गेले, तर बहुतेक कुटुंबे तिथेच हात टेकतात. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, दोन्हींवरून परराज्यातली अवजड वाहने रात्रभर धावतात. वणी भागात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ असते. अशा रस्त्यांवर ‘अज्ञात वाहनाची धडक’ ही नोंद नवी नाही. अशा वेळी कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. न्यायालयात जावे लागत नाही. तरी या योजनेची गत काय झाली, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १२ जानेवारी २०२४ च्या निकालात नोंदले आहे. २०२२ या वर्षात देशात अज्ञात वाहनांनी केलेल्या अपघातांची संख्या ६७ हजारांवर होती. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले ते फक्त २०५. हक्क वाटेत कसा हरवतो, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. इथे न्यायाला उशीर झाला, वकिलाने फसवले किंवा कंपनीने अडवले, असे काहीच घडलेले नाही. मागायला कोणी गेलेच नाही. म्हणूनच न्यायालयाने, पीडितांना या योजनेची माहिती देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली.

वाहन सापडले असेल तर रक्कम कशी ठरते, हे प्रत्येक कुटुंबाला समजले पाहिजे. कारण आपला हक्क किती रुपयांचा आहे हे माहीत नसेल, तर समोर आलेली कोणतीही रक्कम मोठीच वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. समजा, ३५ वर्षांचा एक शेतमजूर अपघातात गेला. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. त्याची मिळकत महिन्याला १० हजार धरली, तर वर्षाचे १ लाख २० हजार. पगारी नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या मिळकतीत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले १ लाख ६८ हजार. अवलंबून असणारी माणसे चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १ लाख २६ हजार. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार येतो २० लाख १६ हजार. त्यात जोडीदार, मुले आणि आई यांनी गमावलेल्या सहवासापोटी प्रत्येकी ४० हजार, मालमत्तेच्या हानीपोटी १५ हजार आणि अंत्यसंस्कारापोटी १५ हजार धरले की एकूण २२ लाख ६ हजार होतात. शेवटच्या तीन रकमा २०१७ च्या मूळ दराने धरल्या आहेत. त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ न्यायालयाने सांगितली आहे. शिवाय दावा दाखल केल्याच्या तारखेपासून न्यायाधिकरण साधे व्याजही देऊ शकते. म्हणून दावा जितका लांबवाल तितके व्याजाचे नुकसान.

आता याच हिशेबात मिळकत १० ऐवजी ६ हजार धरली गेली, तर गुणाकार २० लाखांवरून १२ लाख ९ हजार ६०० वर येतो. या कुटुंबासाठी महिन्याच्या मिळकतीतला प्रत्येक हजार रुपया भरपाईत २ लाख १ हजार ६०० रुपयांच्या मोलाचा आहे. आणि आपल्या जिल्ह्यात नेमका याच आकड्याला कागद नसतो. निंदणी, डवरणी, कापूस वेचणी, जिनिंगमधली हमाली, ट्रॅक्टरवरची ड्रायव्हरकी, सगळा रोजंदारीचा मामला. कंपनीचा वकील विचारतो, ‘मिळकतीचा पुरावा आहे का?’ आणि साक्षीला आलेली विधवा गप्प होते. पण पुरावा शोधला तर सापडतो. रोजगार हमीचे जॉब कार्ड, बँकेचे पासबुक, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, जिनिंगच्या मुकादमाची वही, ज्यांच्या शेतात काम केले त्यांची साक्ष, यांतून मिळकतीचे चित्र उभे राहते. काहीच नसेल तर त्या काळचे किमान वेतन हा आधार न्यायालयांनी मानला आहे. मृत माणूस शेतकरी असेल तर सातबारा आणि कापूस-सोयाबीनच्या विक्रीच्या पावत्या जोडाव्यात. मात्र इथे एक खाच आहे. शेत तर जागच्या जागी राहिले, मग नुकसान कसले, असा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले आहे की अशा वेळी कसणाऱ्याच्या देखरेखीचे आणि श्रमाचे मोल हे नुकसान धरायचे. म्हणून तो स्वतः काय काय काम करायचा आणि आता त्यासाठी कोणाला किती मजुरी द्यावी लागते, हे साक्षीत यायला हवे. वयाचा कागदही जपावा. ३५ संपून ३६ लागले की गुणक १६ चा १५ होतो आणि वरच्या हिशेबात १ लाख २६ हजार कमी होतात. आधार कार्डावर अंदाजे टाकलेली जन्मतारीख खेड्यात घरोघरी आढळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्याला महत्त्व दिले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तो दाखला काढून आणणे हे एका दिवसाचे काम आहे.

बाईचा मृत्यू झाला तर ‘ती कुठे कमवत होती’ असे म्हणून दावा टाकायचाच नाही, ही चूक घरोघर होते. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे आणि तिची मिळकत गृहीत धरून भरपाई दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून अनेकदा, आणि जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. आपल्याकडची बाई तर घर सांभाळून वेचणीलाही जाते. तिची दोन्ही कामे दाव्यात लिहावीत. जखमींच्या बाबतीतही असेच काहीतरी निसटते. अपंगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के लिहिले म्हणजे मिळकतीचे नुकसानही ४० टक्केच, असे नाही. २०१० च्या राजकुमार निकालात न्यायालयाने उदाहरण दिले आहे. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई पुरतीच बुडू शकते. तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. पाय मोडलेला शेतमजूर पुन्हा चिखलात उभा राहू शकत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीतून आणि त्याच्या कामाच्या वर्णनातून पुढे आले, तरच भरपाई खरी होते.

इथे पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप येतो. कोर्टात वर्षानुवर्षे जातात. गाडीमालक गावातला किंवा ओळखीचा आहे, तो लाख-दोन लाख आता देतो म्हणतो, मग बॉण्ड पेपरवर समझोता करून मोकळे का होऊ नये? ज्या घरात उद्याच्या किराण्याचे पैसे नाहीत, त्या घराने असा विचार करणे समजण्यासारखे आहे. पण त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असायला हवी. गाडीचा विमा चालू असेल आणि चालकाकडे परवाना असेल, तर दावा मंजूर झाल्यावर मालकाच्या खिशातून छदामही जात नाही. दावा केल्याने गावातल्या माणसाचे वाटोळे होत नाही. समझोत्याने त्या मालकाचे काही वाचत नाही, वाचते ते विमा कंपनीचे. मालक घाईने पैसे पुढे करत असेल, तर विमा संपलेला असण्याची किंवा चालक विनापरवाना असण्याची शक्यता आधी तपासावी. विम्याची सद्यःस्थिती वाहनाच्या क्रमांकावरून ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर पाहता येते. विमा नसला तरी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तो मालक भरपाईला जबाबदार राहतो. ‘गाडी मी कधीच विकली’ ही सबब २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली आहे. झटपट रकमेचा कायदेशीर मार्गही आहे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ठरलेल्या पद्धतीने ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने ५ लाखांवर सही केली, तर २२ लाखांवर पाणी सोडले. चूक कोणाची हे सिद्ध होण्यासारखे नसेल तेव्हा कलम १६४ आधाराला येते. पुरावा असताना ते निवडणे म्हणजे आपल्या हाताने आपला वाटा कापून देणे. लोकअदालतीतही हाच विवेक ठेवावा. तिथला समझोता लवकर होतो, पण त्यावर अपील नाही. आपला हिशेब आधी मांडून मगच तिथे बसावे.

दुसरा आक्षेप: आपल्याच माणसाची चूक होती, मग मागायचे कोणत्या तोंडाने? त्याने हेल्मेट घातले नव्हते, दुचाकीवर तिघे बसले होते, असे पोलीसपाटलापासून पाहुण्यांपर्यंत सगळे सांगतात. कायदा याहून बारकाईने पाहतो. तिघे बसले होते हा नियमभंग आहे, पण त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवता आले नाही, तर तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्या माणसाची अंशतः चूक ठरली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा रद्द होत नाही. दोन वाहनांच्या धडकेत काळीपिवळीतला प्रवासी गेला, तर दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. चुकीची वाटणी त्या दोघांनी आपसात करायची. खरी अडचण येते ती मालवाहू वाहनात. वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीत आणि छोट्या टेम्पोत बायामाणसे कोंबून नेली जातात. मालवाहू गाडीतल्या फुकट्या किंवा भाडोत्री प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्वाळा २००२ सालापासून आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्या गाडीवर कामाला असलेला मजूर यांची गोष्ट वेगळी. म्हणून बसलेली व्यक्ती तिथे कशासाठी होती, हे जबाबात खरे आणि पूर्ण लिहिले जावे. चूक समोरच्या ट्रकची असेल, तर त्याच्या विमा कंपनीला ही सबब सांगता येत नाही. आणि स्वतःच्याच चुकीने, दुसरे कोणतेही वाहन नसताना गाडी घसरून मालक-चालक गेला, तर तिऱ्हाईताच्या विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण पॉलिसीत आहे का, ते पाहावे. मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख वेगळे. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लवकर अर्ज करावा.

वकिलांविषयीची भीती हा तिसरा अडसर. वकील टक्केवारीने पैसे खातात, त्यापेक्षा दावा नको, असे म्हटले जाते. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणारी फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे, हे पक्षकाराला माहीत असले की बोलणे सरळ होते. फी आकड्यात ठरवावी, लिहून घ्यावी, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नये. ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे झरी-जामणीच्या कोलाम पोडावरची विधवा असो की दारव्ह्याच्या मजुराची बायको, तिला सरकारी खर्चाने वकील मागण्याचा अधिकार आहे. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फिरवला तरी सुरुवात होते. दावा कुठे टाकायचा, यातही सोय आहे. अपघात झाला तिथे, स्वतः राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, यांपैकी कुठेही. १९ मे २०२० ला आर्णी तालुक्यात कोळवणजवळ सोलापूरहून परप्रांतीय मजुरांना नेणारी एसटी बस ट्रकवर आदळली आणि चौघांचा जीव गेला. अशा अपघातातल्या परराज्यातल्या वारसांना आपल्या गावच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. तसेच पुसद, महागावकडून कामासाठी पुण्या-हैदराबादला गेलेल्यांच्या घरच्यांना इथल्याच न्यायाधिकरणात जाता येते. तिकडे खेपा घालण्याची गरज नाही. मुदत मात्र लक्षात ठेवावी. २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. ती वैध आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, केवळ उशिराच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. अंतरिम आदेशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. सहा महिने हीच आपली मुदत समजावी. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत नागपूर खंडपीठाकडे अपील करता येते.

राहतो तो सर्वांत खोल आक्षेप. माणूस गेला, त्याच्या जिवाचे पैसे काय घ्यायचे? ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखूनच सांगितले पाहिजे की भरपाई ही जिवाची किंमत नसते. त्या माणसाने मुलांच्या शाळेसाठी, आईच्या औषधासाठी, बायकोच्या पुढच्या आयुष्यासाठी जे कमावले असते, ते कायदा त्याच्या वतीने घरात आणून देतो. दुसऱ्या बाजूने म्हटले जाते की खोटे दावे होतात, गाड्या आणि चालक बदलले जातात, त्याचा बोजा सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो. हे नाकारण्यात अर्थ नाही; उत्तर प्रदेशातल्या अशा दाव्यांची चौकशी विशेष तपास पथकाकडून झाली आहे. पण यावरचा उपायही तोच आहे. ४८ तासांत गेलेला अहवाल, जागेवरचे छायाचित्र, पहिल्या दिवशीची वैद्यकीय नोंद यांमुळे खऱ्याचा दावा टिकतो आणि खोट्याचा पडतो. पैसा हाती आल्यावरची काळजीही घ्यायला हवी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्यावर भर दिला. म्हणून विधवेचे खाते तिच्या एकटीच्या नावाचे असावे आणि मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत ठेवण्याची मागणी करावी. तिने पुढे पुनर्विवाह केला तरी तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. सासरच्यांनी तो मुद्दा काढला तर हे ठामपणे सांगावे.

आपल्या गावात अपघात झाला तर त्या घरी भेटायला जाणाऱ्यांनी एवढे करावे. सांत्वनाचे दोन शब्द झाले की विचारावे, प्रथम खबरीची प्रत मिळाली का, अपघात अहवाल गेला का, दवाखान्याचे कागद कुठे आहेत, शाळेचा दाखला काढला का. ग्रामसेवक, पोलीसपाटील, आशा सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा, गावातला शिकलेला पोरगा, यांपैकी कोणीही एक जण त्या घरासोबत ठाण्यात गेला, तर पुरे आहे. कायद्याने रक्कम ठरवून ठेवली आहे, ती द्यायला विमा कंपनी बांधलेली आहे, वकील फुकट मिळतो. पहिल्या पंधरा दिवसांत त्या घरासोबत चालणारा माणूस मात्र गावालाच द्यावा लागेल.